करार सात दिवसांचा, मेमरी अडीच दिवसांची : की-व्हॅल्यू डेटाबेस निवडीचे एक प्रकरण

सेवा अशी आहे. इतर प्रणाली तिच्याकडे पैसे पाठवण्याच्या मागण्या देतात, ती त्या तपासते आणि बाहेरच्या देयक यंत्रणेकडे धाडते. सेकंदाला सरासरी ६०० मागण्या येतात, गर्दीच्या वेळी २,५०० पर्यंत. प्रत्येक मागणीसोबत मागणी करणाऱ्याने दिलेला एक क्रमांक असतो, ३६ अक्षरी यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा ठरावीक साच्याचा क्रमांक. उत्तर वेळेत आले नाही तर तीच मागणी त्याच क्रमांकाने पुन्हा येते. अशा वेळी सेवेने ती ओळखायची, पुढे धाडायची नाही आणि पहिलेच उत्तर परत द्यायचे. त्यासाठी प्रत्येक क्रमांकाची एक खूण ठेवली जाते: क्रमांक ही की, म्हणजे जिच्यावरून शोधायचे ती खूणगाठ, आणि स्थिती व उत्तराचा सारांश मिळून सुमारे २०० बाइटची व्हॅल्यू. खूण सात दिवस टिकेल असे करारात लिहिलेले आहे.

प्रकरण उदाहरणादाखल उभे केले आहे, म्हणून मागण्यांचे आकडे गोल आहेत. त्यांच्यावरचे गणित मात्र कुणालाही करून पाहता येईल. असा निर्णय बेंचमार्क, म्हणजे वेगाच्या चाचण्या, चालवण्याआधी कागदावरच बराचसा सुटतो, असे माझे ठाम मत आहे.

या खुणा रेडिसमध्ये, म्हणजे सगळा डेटा मेमरीत ठेवणाऱ्या की-व्हॅल्यू डेटाबेसमध्ये आहेत. त्यातच आणखी दोन प्रकारचा डेटा आहे. एक, लॉगिनची सेशन: एका वेळी सुमारे २० लाख, प्रत्येकी एक केबीच्या आसपास. दुसरा, मागण्यांचा वेग आवरणारे काउंटर: काही लाख, मिनिटाभरात संपणारे. मशीनची मेमरी ६४ जीबी, त्यातली ४८ जीबी ही रेडिसची मर्यादा. मर्यादा गाठल्यावर काय करायचे याची सेटिंग पहिल्यापासून ‘ऑलकीज-एलआरयू’ आहे, म्हणजे बराच काळ कुणी न वापरलेल्या की काढून टाकायच्या. रेडिस इथे सुरुवातीला निव्वळ कॅशे, म्हणजे हरवली तरी चालेल अशी तात्पुरती साठवण, म्हणून आले होते आणि त्या कामाला ही सेटिंग योग्यच होती.

मग मागणी करणाऱ्या एका प्रणालीने ताळमेळ लावताना चार दिवसांपूर्वीच्या काही मागण्या पुन्हा पाठवल्या. त्यांतल्या बऱ्याचशा नव्या समजून पुढे गेल्या. लॉगमध्ये एकही एरर नव्हती.

बैठकीत दोन प्रस्ताव आले. एक, मेमरी वाढवा. दुसरा, सगळे डिस्कवरच्या डेटाबेसवर न्या. दुसऱ्यावर लगेच आक्षेप आला की डिस्क हळू असते, आणि चर्चा वेगावर जाऊन अडकली. माझ्या मते या प्रकरणात वेगाचा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा होता. आधी विचारायचे ते हे: यातला कोणता डेटा हरवला तर चालेल, आणि हरवला तर ते कुणाला कळेल?

खुणा गेल्या कुठे

एका दिवसात ६०० गुणिले ८६,४०० म्हणजे ५ कोटी १८ लाख खुणा होतात. सात दिवसांच्या ३६ कोटी २९ लाख. रेडिसमध्ये अशी एक खूण किती जागा घेते? ३६ बाइटची की आणि २०० बाइटची व्हॅल्यू मिळून २३६ बाइट हा तर नुसता माल झाला. त्यावर हॅश टेबलमधली नोंद २४ बाइट, ऑब्जेक्टचा मथळा १६ बाइट, स्ट्रिंगचे मथळे, मुदत ठेवणाऱ्या वेगळ्या टेबलमधली आणखी एक नोंद, दोन्ही टेबलांतले पॉइंटर आणि मेमरी वाटून देणारा जेमॅलॉक वरच्या ठरावीक आकारापर्यंत जागा देतो त्यातली वाया जाणारी जागा. सगळे धरून सुमारे ३५० बाइट होतात. आवृत्तीनुसार थोडे कमी-जास्त. म्हणजे दिवसाला १८ जीबी आणि सात दिवसांना १२७ जीबी.

४८ जीबीतून सेशन आणि काउंटरचे अडीच जीबी वजा केले, तर खुणांसाठी ४५.५ जीबी उरते. दिवसाला १८ जीबीच्या हिशेबाने ती अडीच दिवसांत भरते. करार सात दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात खूण अडीच दिवस टिकत होती.

एलआरयू इथे नेमके उलटे काम करते, हे नीट पाहण्यासारखे आहे. काउंटरला सतत हात लागतो, सेशनला दर काही मिनिटांनी लागतो. खूण मात्र एकदा लिहिली की बहुतेक वेळा पुन्हा कुणी विचारत नाही. तिची गरज क्वचित पडते, पण पडते तेव्हा तिच्यावर पैसे अवलंबून असतात. रेडिसचे एलआरयू अदमासाने चालते. दर वेळी काही की नमुन्याला उचलून (मूळ सेटिंगमध्ये पाच) त्यांतली सर्वांत जुनी काढते. त्या नमुन्यात बळी जवळजवळ नेहमी खुणेचाच जाणार. रेडिसच्या आकडेवारीत, ‘इन्फो स्टॅट्स’मध्ये, काढून टाकलेल्या कींचा आकडा रोज वाढत होता, पण कॅशेमध्ये तो वाढणे साहजिक असते, म्हणून त्यावर अलार्म नव्हता.

सेटिंग बदलून हे सुटेल का? ‘व्होलाटाइल’ प्रकारच्या सेटिंग फक्त मुदत असलेल्या की काढतात, पण इथे तिन्ही प्रकारांना मुदत आहे. ‘नोइव्हिक्शन’ ठेवली तर मेमरी भरल्यावर नवे लिखाण नाकारले जाते. खुणांसाठी हेच बरोबर आहे: खूण लिहिता येत नसेल तर मागणी पुढे धाडूच नये. पण त्याच क्षणी काउंटर आणि लॉगिनही बंद पडतील, आणि तिथे ते मुळीच नको आहे. शिवाय ही सेटिंग पूर्ण इन्स्टन्सला, म्हणजे रेडिसच्या एका चालू प्रोसेसला, एकच असते. आतल्या क्रमांकित डेटाबेसांना वेगवेगळी देता येत नाही. तिघांना एका घरात ठेवणे चूक आहे, हे इथेच सिद्ध होते, डिस्कचा विषय निघण्याआधीच.

मेमरी वाढवली तर

हा पर्याय प्रामाणिकपणे तपासायला हवा, कारण त्यात कोडला हात लावावा लागत नाही. १२७ जीबी एका प्रतीला, दुसरी प्रत ठेवली की २५४. रेडिस स्नॅपशॉट (सगळ्या डेटाची डिस्कवरची प्रत) घेते किंवा लॉग (लिखाणांची डिस्कवरची नोंदवही) नव्याने लिहिते तेव्हा प्रोसेस फोर्क करते, म्हणजे स्वतःचीच दुसरी प्रोसेस काढते. फोर्कच्या वेळी पेज टेबलची, म्हणजे मेमरीच्या पानांच्या यादीची, नक्कल होते: १२७ जीबी भागिले ४ केबी, गुणिले ८ बाइट, म्हणजे सुमारे २५० एमबी. रेडिसच्या दस्तऐवजांतल्या मोजमापांत चांगल्या मशीनवर फोर्कला दर जीबीमागे ९ ते १३ मिलिसेकंद लागलेले दिसतात. त्या दराने इथे सुमारे १.१ ते १.७ सेकंद पूर्ण शांतता. रेडिस आदेश एकाच थ्रेडवर चालवते, त्यामुळे त्या काळात कुणालाच उत्तर मिळत नाही. फोर्कनंतर मूळ प्रोसेस जी जी पाने बदलेल त्यांच्या नकला होतात, म्हणून वर मोकळी मेमरी राखावी लागते. लिनक्सची ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस चालू असतील तर ४ केबीऐवजी २ एमबीचे पान नकलले जाते आणि ही राखीव जागा अंदाजापलीकडे जाते.

डेटाचे आठ शार्ड, म्हणजे स्वतंत्र तुकडे, केले तर प्रत्येकी १६ जीबी होतात आणि फोर्क दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास येतो. ते सुसह्य आहे. रीस्टार्टनंतर डेटा परत मेमरीत यायला काही मिनिटे लागतील, तेही दुसऱ्या प्रतीच्या आधाराने निभावता येईल.

खुणा लहान कराव्यात, अशीही सूचना आली. क्रमांक ३६ अक्षरांऐवजी १६ बाइटमध्ये ठेवला आणि व्हॅल्यू म्हणून फक्त स्थितीचा आकडा ठेवला, तर खूण सुमारे १२० बाइटवर येते आणि सात दिवसांना ४४ जीबी पुरते. सूचना चांगली आहे. पण मग पुन्हा आलेल्या मागणीला पहिलेच उत्तर देता येत नाही, आणि करारात तेच लिहिले आहे.

तेव्हा आकारापुरते बोलायचे तर मेमरीचा मार्ग महाग आहे, अशक्य नाही. तो नाकारण्याचे खरे कारण टिकाऊपणात आहे. त्याकडे पुढे येतो.

डिस्क हळू असते, पण कशाच्या तुलनेत

मुख्य मेमरीतून एक वाचन सुमारे १०० नॅनोसेकंदांत होते. एनव्हीएमई एसएसडीवरून कुठलाही ४ केबीचा ब्लॉक वाचायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजारपट. फिरत्या चकतीच्या डिस्कवर तेच ५ ते १० मिलिसेकंद होतात. आक्षेप इथपर्यंत खरा आहे.

पण रेडिस दुसऱ्या मशीनवर आहे. एकाच डेटासेंटरमध्ये नेटवर्कची एक फेरी ०.२ ते ०.५ मिलिसेकंद घेते. रेडिसने आतले काम एका-दोन मायक्रोसेकंदांत उरकले, तरी सेवेला दिसणारा वेळ जवळजवळ सगळा नेटवर्कचाच असतो. उलट रॉक्सडीबीसारखे डिस्कवर डेटा ठेवणारे इंजिन सेवेच्याच प्रोसेसमध्ये चालते. ते डिस्कवरून वाचूनही ०.१ मिलिसेकंदात उत्तर देईल. दूरच्या मेमरीपेक्षा जवळची डिस्क लवकर हाताशी येते.

आणि या सगळ्यानंतर सेवा बाहेरच्या यंत्रणेला हाक मारते, जिचे उत्तर यायला ३०० मिलिसेकंद लागतात. खूण तपासायला ०.३ ऐवजी ३ मिलिसेकंद लागले तरी मागणी करणाऱ्याला फरक जाणवणार नाही. तेवढे दोन-तीन मिलिसेकंद आपल्या हातात आहेत, आणि ते कशावर खर्च करायचे हे ठरवता येते. मी ते सुरक्षिततेवर खर्च करीन.

मेमरीचा वेग खरोखर कामी येतो तो वेगळ्या जागी: एका मागणीत शेकडो छोट्या कृती कराव्या लागतात तिथे, सतत बदलणाऱ्या क्रमवारीत, एकाच कीवर सेकंदाला हजारो वाढी होतात तिथे. आपले काउंटर या गटात मोडतात. खुणा मोडत नाहीत.

खुणांचा स्वभाव आणि एलएसएम

डिस्कवरच्या इंजिनांत ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एक बी-प्लस ट्रीचे, म्हणजे डेटा क्रमवार पानांच्या झाडात ठेवणारे. त्यात एलएमडीबी हे हॉवर्ड चू यांनी ओपनएलडॅपसाठी लिहिलेले सुरेख इंजिन येते. वाचनाला ते अतिशय वेगवान आहे आणि त्यात वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत. पण एका वेळी लिहिणारा एकच, आणि प्रत्येक कमिटला मुळापासून पानापर्यंतच्या वाटेवरची सगळी पाने नव्याने लिहिली जातात. वाट चार-पाच पानांची असेल तर २३६ बाइटसाठी १६ ते २० केबी. लिखाणे गटाने केल्यास हे कमी होते, पण यादृच्छिक यूयूआयडी झाडभर विखुरलेले असतात, त्यामुळे गटाचा फायदाही मर्यादितच. वाचन जास्त आणि लिखाण कमी असते, तर मी एलएमडीबीच सुचवले असते.

दुसरे घराणे एलएसएम (लॉग-स्ट्रक्चर्ड मर्ज) ट्रीचे. पॅट्रिक ओ’नील आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ते मांडले. गूगलचे लेव्हलडीबी २०११ मध्ये खुले झाले, आणि त्यावरून फेसबुकने केलेले रॉक्सडीबी २०१३ मध्ये. नवे लिखाण आधी लॉगमध्ये आणि मेमरीतल्या मेमटेबलमध्ये जाते. मेमटेबल भरले की ते क्रमवार लावून एका फाइलमध्ये उतरते, आणि मागे कॉम्पॅक्शन या फाइली एकमेकींत मिसळत खालच्या पातळ्यांवर नेत राहते. लिखाण नेहमी सलग होते, म्हणून यादृच्छिक की त्याला जाचत नाहीत. वाचताना मात्र अनेक पातळ्या तपासाव्या लागू शकतात.

आता खुणांची विचारणा कशी होते ते पाहू. बहुतांश मागण्या नव्या असतात, म्हणजे बहुतांश विचारणांचे उत्तर ‘नाही’ असते. एलएसएमला ‘नाही’ म्हणायला डिस्कपर्यंत जावे लागत नाही, कारण प्रत्येक फाइलला ब्लूम फिल्टर असतो, म्हणजे ‘ही की इथे असेल का’ एवढेच सांगणारा मेमरीतला छोटा बिटसंच. दर कीमागे १० बिट दिले तर तो सुमारे १ टक्का वेळाच चुकीने ‘असेल’ म्हणतो. ‘नाही’ म्हणाला तर ती की खात्रीने नसते. पाच पातळ्या धरल्या तर शंभरातल्या साधारण पाच विचारणांना डिस्कवर विनाकारण एक फेरी पडेल, बाकीच्यांना एकही नाही. ३६ कोटी २९ लाख कींना १० बिट म्हणजे ४५४ एमबी.

या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा मला हा वाटतो. मेमरीत सगळे ठेवले तर १२७ जीबी लागतात. ‘ही खूण नाही’ एवढेच खात्रीने सांगायला अर्धा जीबी पुरतो.

आणि जी विचारणा खरोखर पुनरावृत्तीची असते, ती बहुधा काही मिनिटांत येते, कारण उत्तराची वेळ टळली की मागणी करणारी प्रणाली लगेच पुन्हा प्रयत्न करते. गेल्या दहा मिनिटांच्या खुणा मिळून ८५ एमबी होतात. रॉक्सडीबीच्या मेमटेबलचा ठरीव आकार ६४ एमबी. म्हणजे त्या खुणा मेमटेबलमध्ये किंवा ब्लॉक कॅशेमध्ये (नुकत्याच वाचलेल्या ब्लॉकांच्या मेमरीतल्या प्रती) सापडतील. चार दिवसांनी ताळमेळासाठी आलेली विचारणा डिस्कवर जाईल, आणि तिला कसलीच घाई नाही.

बाकीचे की-व्हॅल्यू डेटाबेस लवकर बाजूला पडले. बिटकास्क सगळ्या की मेमरीत ठेवते: नुसत्या कींचे १३ जीबी, वर प्रत्येक नोंदीचा भार. एरोस्पाइक मेमरीत दर नोंदीला ६४ बाइटचा निर्देशांक ठेवून डेटा एसएसडीवर ठेवते. एका प्रतीला २३ जीबी लागतील. तो खरोखर विचार करण्याजोगा पर्याय होता. मेमकॅश्डच्या एक्स्टस्टोअरमध्ये व्हॅल्यू फ्लॅशवर जातात खऱ्या, पण तो शेवटी कॅशेच आहे.

मुख्य रिलेशनल डेटाबेसमध्येच युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा लिहू न देणारा नियम) का लावू नये, हा प्रश्न अगदी रास्त आहे. पैसे कापणे आणि खूण लिहिणे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसत असेल, तर तिथेच ठेवा. त्याच्याइतकी भक्कम खूण कुठलाही की-व्हॅल्यू डेटाबेस देऊ शकत नाही. इथे कापणी बाहेरची यंत्रणा करते, नेटवर्कच्या पलीकडे, म्हणून ते ट्रान्झॅक्शनच अस्तित्वात नाही.

डिस्कवर आहे म्हणजे टिकेल असे नाही

रेडिसचा लॉग ‘एव्हरीसेक’वर, म्हणजे दर सेकंदाला डिस्कवर पक्का होणारा, असेल तर मशीन कोसळल्यावर सेकंदभराचे लिखाण जाऊ शकते: आपल्याकडे ६०० खुणा, गर्दीत २,५००. ‘ऑलवेज’ ठेवला तर प्रत्येक लिखाण उत्तर देण्याआधी डिस्कवर पोचते. पण मुख्य प्रतीकडून दुसऱ्या प्रतीकडे डेटा मागाहून जातो. मुख्य मशीन पडून दुसरी पुढे आली की तिच्यापर्यंत न पोचलेल्या खुणा गेल्या, मग आधीच्या मशीनच्या डिस्कवर त्या कितीही नीट लिहिलेल्या असोत. दुसऱ्या प्रतीच्या होकाराची वाट पाहणारा ‘वेट’ आदेश ही शक्यता घटवतो, मिटवत नाही; रेडिसचे दस्तऐवजही तसे स्पष्ट सांगतात.

मग रॉक्सडीबी घेतले की सुटले? नाही. रॉक्सडीबीत लिखाणाचा ‘सिंक’ पर्याय, म्हणजे डिस्कवर पक्के झाल्यावरच ‘झाले’ म्हणणे, मुळात बंद असतो. लॉग फाइलमध्ये लिहिले जाते, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेज कॅशेपर्यंतच. प्रोसेस कोसळली तर डेटा वाचतो. वीज गेली तर शेवटचे काही लिखाण जाते. म्हणजे मूळ सेटिंगवरचे डिस्कवरचे इंजिन ‘ऑलवेज’ लावलेल्या रेडिसपेक्षा कमी टिकाऊ असू शकते. मेमरी आणि डिस्क ही नावे डेटा वाचायला कुठे असतो ते सांगतात. तो हरवेल का, याचे उत्तर सिंक आणि प्रतींकडे असते.

सिंक चालू केले की एसएसडीचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. वीज गेली तरी हातातले लिखाण पुरे करणारे कपॅसिटर असलेल्या एसएसडी सिंकला काही दहा मायक्रोसेकंदांत होकार देतात. साध्या एसएसडींना एक किंवा अनेक मिलिसेकंद लागू शकतात. झिजेचाही हिशेब करू. प्रत्येक मागणीला दोन लिखाणे आहेत: धाडण्याआधी ‘सुरू’, उत्तर आल्यावर सारांश. सेकंदाला १,२०० सिंक, प्रत्येकी किमान ४ केबी, म्हणजे ४.९ एमबी. मूळ डेटा दोन्ही लिखाणांचा मिळून सेकंदाला १७२ केबी. कॉम्पॅक्शनमुळे तो वीसपट लिहिला जातो असे धरले तर ३.४ एमबी. बेरीज ८.३ एमबी, दिवसाला सुमारे ७२० जीबी. १ टीबीच्या अनेक सामान्य एसएसडींना ६०० टीबी लिखाणाची हमी असते. ती सव्वादोन वर्षांत संपेल. यात कॉम्पॅक्शनपेक्षा सिंकचा वाटा मोठा आहे. गर्दीत एका सिंकमध्ये अनेक लिखाणे आपोआप एकत्र होतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा कमी येईल. तरीही सर्व्हरसाठीच्या एसएसडी घ्यायच्या, हे इथे ठरले.

आता प्रती. रॉक्सडीबी एका मशीनवरचे इंजिन आहे. प्रती, मुख्य मशीनची निवड आणि मशीन पडल्यावरचा ताबा यांचे ते काहीच करत नाही. हे सगळे स्वतः लिहिण्याचा मोह होतो, आणि तो टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. दोन मशीनांना एकाच वेळी आपणच मुख्य आहोत असे वाटले, तर दोन्हीकडे तीच मागणी नवी ठरते. केव्हीरॉक्स रेडिसचीच बोली रॉक्सडीबीवर आणते आणि कोड जवळजवळ बदलावा लागत नाही, म्हणून ते आकर्षक होते. पण त्याच्या प्रतीही मागाहून भरतात. शेवटी निवड झाली अनेक मशीनांवर डेटा वाटून ठेवणाऱ्या टायकेव्हीची. त्यात खाली रॉक्सडीबीच आहे, आणि वर राफ्ट ही बहुमताने प्रती जुळत्या ठेवणारी पद्धत: तीनपैकी दोन प्रतींनी लॉगमध्ये लिहिल्याशिवाय ‘झाले’ म्हटले जात नाही. एका लिखाणाला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. हातात होते ते मिलिसेकंद इथे खर्च झाले.

‘नसेल तरच लिही’ ही कृती अविभाज्य असणे अत्यावश्यक आहे. रेडिसमध्ये ‘सेट’ला ‘एनएक्स’ जोडले की ती मिळते. नुसत्या रॉक्सडीबीत आधी वाचा मग लिहा असे केले, तर दोन थ्रेडना एकाच वेळी ‘नाही’ असे उत्तर मिळू शकते. टायकेव्हीत तुलना करून बदलण्याची कृती आहे, तीच वापरायची. आणि बहुमत उपलब्ध नसेल तर मागणी नाकारायची. हे धोरण कोडमध्ये आणि करारात, दोन्हीकडे लिहिले.

एक गोष्ट कुठलाही डेटाबेस सोडवत नाही: ‘सुरू’ लिहिल्यावर आणि उत्तर येण्याआधी सेवा स्वतः पडली तर काय? खूण ‘सुरू’वर अडकलेली राहते. अशा खुणेवर पुन्हा मागणी आली की ती धाडायची नाही, आधी बाहेरच्या यंत्रणेला त्या मागणीची स्थिती विचारायची.

कीची रचना

सात दिवसांनी खुणा पुसायच्या आहेत, आणि एलएसएममध्ये पुसणे म्हणजे आणखी एक लिखाण: ‘ही पुसली’ अशी नोंद, जी कॉम्पॅक्शनमध्ये खाली पोचेपर्यंत जागा घेते आणि वाचन हळू करते. रोज पाच कोटी अशा नोंदी नकोत. कीच्या पुढे दिवस लावला की एका दिवसाच्या सगळ्या खुणा शेजारी येतात आणि तो पट्टा एकदम काढता येतो. पण टायकेव्ही कींच्या क्रमानुसार डेटा वाटते. दिवस सर्वांत पुढे आला तर आजचे सगळे लिखाण थोड्याच तुकड्यांवर पडेल. म्हणून क्रम असा ठेवला: क्रमांकाच्या हॅशवरून ० ते १५ असा शार्ड, मग दिवस, मग क्रमांक. रोज सोळा पट्टे काढायचे, बस्स.

दिवस कुठून आणायचा? मागणी पोचल्याच्या वेळेवरून नाही. मध्यरात्रीच्या अलीकडची मागणी पलीकडे पुन्हा आली तर ती दुसऱ्या दिवसात शोधली जाईल आणि सापडणार नाही. तो क्रमांकातूनच यायला हवा. यूयूआयडीची सातवी आवृत्ती, मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकातली, सुरुवातीच्या ४८ बिटांत मिलिसेकंदांतली वेळ ठेवते. मागणी करणाऱ्यांना ती वापरायला सांगितली. सात दिवसांपेक्षा जुनी किंवा पाच मिनिटांहून अधिक पुढची वेळ असलेला क्रमांक सरळ नाकारायचा, म्हणजे कुणाचे घड्याळ बिघडले तर ते लगेच कळेल.

बाकीचे दोघे

काउंटर रेडिसमध्येच राहिले, वेगळ्या इन्स्टन्समध्ये, स्नॅपशॉट आणि लॉग दोन्ही बंद. ती पडली तर मिनिटभर वेगावर लगाम नसेल, आणि मग सगळे पूर्ववत होईल. सेशन दुसऱ्या इन्स्टन्समध्ये: अडीच जीबी, एक जादा प्रत, ‘एव्हरीसेक’, ‘नोइव्हिक्शन’. सेकंदभराची सेशन गेली तर तेवढ्या लोकांना पुन्हा लॉगिन करावे लागेल. सगळीच गेली तर २० लाख लोक एकदम लॉगिनला येतील आणि तो भार पेलवणार नाही, म्हणून इथे प्रत आणि लॉग आवश्यक. रेडिसचा परवाना मार्च २०२४ मध्ये बदलल्यावर त्याच्याच कोडमधून निघालेले व्हाल्की इथे तितकेच चालेल.

मोजणी आणि बदल

मोजताना दोन सापळे टाळले. दहा लाख कींवर चाचणी केली तर डिस्कवरचा डेटाबेस पूर्ण पेज कॅशेत मावतो आणि मेमरीइतकाच वेगवान दिसतो. म्हणून आधी ३६ कोटी खुणा भरल्या आणि मग मोजले. ‘रेडिस-बेंचमार्क’ काही न सांगता चालवले तर एकाच कीवर मारा करते, हेही लक्षात ठेवायला हवे. दुसरा सापळा असा की बहुतेक साधने एक उत्तर आल्यावरच पुढची मागणी पाठवतात. डेटाबेस दोन सेकंद थांबला तर साधनही थांबते, आणि त्या दोन सेकंदांत रांगेत उभ्या राहिल्या असत्या अशा मागण्या मोजल्याच जात नाहीत. रॉक्सडीबीत वरच्या पातळीवर फाइली साचल्या की लिखाण आधी मंदावते, मग थांबते. मूळ सेटिंगमध्ये २० आणि ३६ फाइलींवर. ते दिसण्यासाठी सेकंदाला २,५०० हा दर ठाम ठेवून, उत्तर येवो न येवो, सलग काही तास मारा केला. लिखाण चालू असताना एका मशीनची वीज काढली आणि ‘झाले’ म्हणून परत गेलेली प्रत्येक खूण सापडते का, ते तपासले. डेटाबेस निवडताना ही एवढी एकच चाचणी करायला वेळ असेल तर हीच करावी.

जुना डेटा हलवावा लागला नाही. सात दिवस दोन्हीकडे लिहिले, दोन्हीकडे विचारले, आणि एकीकडे जरी खूण सापडली तरी मागणी पुनरावृत्तीची धरली. जी खूण नव्याकडे सापडली आणि रेडिसमध्ये नव्हती तिची वेगळी नोंद ठेवली. त्या नोंदी तिसऱ्या दिवसापासून दिसू लागल्या.

निर्णय कशाने फिरेल

खूण सात दिवसांऐवजी एक तास ठेवायची असती, तर २१ लाख ६० हजार खुणा झाल्या असत्या, ७५६ एमबी. चोवीस तासांसाठी १८ जीबी. दोन्ही मेमरीत सहज मावतात, आणि मग प्रश्न फक्त प्रतींचा उरतो. म्हणून मुदत कुणी आणि कशासाठी ठरवली हे विचारणे डेटाबेसच्या तुलनेआधी यायला हवे; इथे आठवड्याचा ताळमेळ हे खरे कारण निघाले.

दुसरी शक्यता बाहेरच्या यंत्रणेकडे आहे. ती आपला क्रमांक स्वीकारून स्वतःच पुनरावृत्ती ओळखू लागली, तर आपली खूण पहिली चाळणी ठरते आणि सेकंदभराच्या खुणा हरवणे परवडते. मग केव्हीरॉक्स आणि एक मागाहून भरणारी प्रत पुरेल, तीन मशीनांचे राफ्ट लागणार नाही. तशी विचारणा त्यांच्याकडे पाठवली आहे. उत्तर लेखी येईपर्यंत तीन प्रतींची मांडणी चालू राहील.